ओट्यावरची जागा

धुळे,
२ फेब्रुवारी २०२५

चि. हितेंद्र आणि सौ. प्राची यांस आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घे. धरणगावचं सुपडूनानाचं घर तुझ्या नावावर झालं, बरं वाटलं. लोक जुनं पाडून बंगला बांधतात, तुम्ही जळगावचा फ्लॅट सोडून सागाच्या खांबांवर भुललात. असू दे. मातीच्या धाब्यावर, त्या छपरावर, पावसाआधी खारी माती टाका, नाहीतर अंथरुणात थेंब पडेल आणि जुन्या घराची हौस तिथेच फिटेल.

आता मुद्द्याचं. माझं माहेर त्याच गल्लीतलं, म्हणून नाना मला अक्का म्हणतो. आलेली गिऱ्हाइकं परतवून त्याने तुला घर दिलं, ते काही तुझं तोंड पाहून नाही. मी शब्द दिला, की संध्याकाळची ओट्यावरची जागा त्याचीच राहील. त्याच्या लेकाच्या, जितेंद्रच्या, कॉलनीतल्या घरी वरच्या मजल्यावर त्याला करमत नाही. खरेदीखतात हे लिहिलेलं नाही. तोंडाने दिलेलं आहे, तेवढं सांभाळ.

तुझ्यावर जीव आहे, पण तो गृहीत धरू नकोस.
तुझी आजी,
भागाबाई


धरणगाव,
२० एप्रिल २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तू माझं ऐकण्याआधीच रागावतेस, म्हणून मीही कागदच घेतला. घराचं काम निम्म्यावर आलं. प्राचीने खांब घासून तेल पाजलं, भिंतीतल्या देवळ्यांत दिवे बसवले, चुलीची जागाही तशीच राखली. छगन मिस्त्री म्हणतो, एवढ्या जिवाने जुनं घर कोणी राखत नाही.

एक सांगायचंय. पूर्ण वाच, मग शिव्या दे. ओटा काढावा लागला. गल्ली अरुंद, गाडीला दुसरी जागाच नव्हती. पण तुझा शब्द मी विसरलो नाही. नानांसाठी फाटकाच्या आत सागाचा झोपाळा टांगला, वर पंखा लावला. ओट्यावर ऊन यायचं, इथे सावली आहे. जितेंद्रभाऊंकडे निरोप दिला, पण नाना अजून आले नाहीत. उन्हामुळे असेल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
हितेंद्र


धुळे,
२९ एप्रिल २०२५

चि. हितेंद्रास आशीर्वाद, वि. वि.

शिव्या मी आपल्या माणसाला देते, तेव्हा त्या येतीलच. आज नुसतं ऐक. ओट्यावर बसायला कोणाला विचारावं लागत नाही. माणूस येतो, टेकतो, जाणाऱ्याला टोकतो, कंटाळला की उठतो. फाटकाची कडी वाजवून, प्राचीला हाक मारून, पंख्याखाली बसतो तो पाहुणा. ज्या घरात नाना नवरदेव झाला आणि म्हातारा झाला, तिथे त्याने पाहुणा म्हणून यायचं? वर तुम्ही चहा घेणार का म्हणून विचारणार!

चूल राखलीत, जिच्यावर प्राची कधी भाकर टाकणार नाही. वापरात होता तो ओटा, तोच पाडलात. तुमचं बठ्ठं असंच, सगळं उलटं.

आणि तो आला होता. समोरच्या बेबाबाईने मला फोन करून सांगितलं. काठी टेकत आला, फाटकापाशी थांबला, तुझी गाडी पाहिली. मग शेजारच्या दुकानातच काम होतं असं दाखवत तिकडे वळला आणि काडेपेटी घेऊन गेला. त्यांच्या घरी गॅसला लायटर आहे.

माया आहे म्हणून एवढं लिहिलं.
भागाबाई


धरणगाव,
१५ जून २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

फाटक काढलं. ओटा पुन्हा बांधला, गल्लीच्या बाजूने, होता तेवढाच. गाडी आता बसस्टँडमागे लावतो. मग मी स्वतः नानांना आणायला गेलो. त्यांनी प्रेमाने बसवलं, सरबत दिलं. म्हणाले, घर झकास करं भाऊ, पण आते ते तुमनं शे. घर आता आमचं, एवढंच त्यांचं म्हणणं; मी आग्रह केला तर म्हणाले, गुडघा दुखतो, जिना उतरवत नाही. खाली सोडायला आले तेव्हा जितेंद्रभाऊ हळूच बोलले, की नाना सकाळीच खाली जाऊन दूध घेऊन आले होते.

आजी, तू एकदा येऊन सांग ना त्यांना. तुझं ऐकतील.

वाट पाहतो.
हितेंद्र


धुळे,
३० जून २०२५

चि. हितेंद्रास आशीर्वाद, वि. वि.

मी येऊन उपयोग नाही. बोलावणं धाडलं की तो ओटा राहत नाही, तो मानपान होतो. मला पाहून नाना हसेल, अक्का म्हणेल, सुनेला चहा टाकायला सांगेल आणि गुडघा दाखवेल. रुसला असता तर मी दोन शिव्या देऊन आणला असता. तो रुसलेला नाही, हेच वाईट. माझा शब्द त्याने मला परत केला, एक अक्षर न बोलता. एवढ्या वयात असं कोणी केलं नव्हतं मला.

तू ओटा बांधलास, चांगलं केलंस. आधी ठेवला असतास तर जास्त चांगलं होतं, पण ते आता तुलाही कळलंय, पुन्हा काय उगाळायचं.

प्राचीला सांग, ओट्यावर कुंड्या मांडू नकोस. हौशी आहे ती, मांडेल. कुंड्या आल्या की बसायला जागा उरत नाही. तो येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मांडू नका.

दोघांवर माया आहे, ती आहे तिथेच आहे.
भागाबाई