चौदा रात्री, बावन्न मिनिटं

३ तारीख, सकाळी ६.१०
बायको म्हणते, मी घोरतो. धादांत खोटं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी एकदाही ऐकलेलं नाही.

५ तारीख
आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवीन बाई शिकायला आल्यात. रिटायर्ड नर्स. सिग्नल सुटल्याचं मला तीनदा सांगितलं. मी डोळे मिटून त्यांची परीक्षा घेत होतो. वर सल्ला, डॉक्टरला दाखवा. गाडी शिकायला आलात, गाडी शिका.

८ तारीख
मुलीने फोनवर माझं घोरणं रेकॉर्ड केलंय म्हणे. मधेच आवाज बंद. बावीस सेकंद काहीच नाही. मग बुडणारा माणूस वर यावा तसा आवाज. हा मी नव्हेच. बायको तर अर्ध्यातून उठून स्वयंपाकघरात गेली. तिलाही पटलं नसणार.

११ तारीख
शेवटी गेलो. डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचा. मी झोपेचं सांगतोय आणि हा गळ्याचं माप घेतोय. शर्ट शिवायचाय?

१३ तारीख
काल अंगभर वायरी लावून झोपवलं. डोळ्याला डोळा लागला नाही. रिपोर्ट काय, तर तासाला एक्केचाळीस वेळा श्वास अडला. झोपेत घसा मिटतो म्हणे. झोपलोच नाही, तर मिटला कधी? आणि माझा घसा मिटत नाही, स्कूलमध्ये कोणालाही विचारा.

१६ तारीख
हवा सोडणारं मशीन घरी आलं. नाकावर मास्क लावून झोपायचं. ठरलं. चौदा दिवस इमानेइतबारे लावणार, काही फरक पडत नाही हे सिद्ध करणार आणि मशीन डॉक्टरच्या टेबलावर आपटणार.

१७ तारीख
पट्टा काचतो. उद्यापासून.

२२ तारीख
सर्दी. मशीनमुळेच असणार. सोमवारपासून नक्की.

३० तारीख
डॉक्टरला ठणकावून सांगितलं, रोज लावतो, काडीचा फरक नाही. त्याने मशीनमधलं एक कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. चौदा रात्री मिळून बावन्न मिनिटं. म्हणजे पैसे मोजून घरात हेर आणला होता. बायको सोबत होती. घरी येईपर्यंत रिक्षातून बाहेरच बघत होती. ट्रॅफिक मोजत असणार.

२ तारीख
गाडी दुभाजकावर चढली. चालवत नर्सबाई होत्या. माझ्या पायाशीही ब्रेक असतो, पण त्या ‘सर, ब्रेक’ इतकं हळू म्हणाल्या की ऐकूच आलं नाही. कोणाला लागलं नाही. मालकाने विचारलं, तर बाई म्हणाल्या, सर दमलेत. तक्रार केली असती तर परवडलं असतं. आता डॉक्टरचं पत्र मिळेपर्यंत मी गाडीत बसायचं नाही.

संध्याकाळी बायकोवर ओरडलो. तुझ्या कटकटीमुळेच माझी झोप होत नाही, म्हटलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमचा श्वास थांबला की मी हलवून जागं करते. रोज रात्री. माझी झोप कधी होते, विचारलंत?”

 

४ तारीख, दुपारी १२
काल रात्री मास्क काढला नाही. रागानेच. सात तास दहा मिनिटं झाली. मशीनच म्हणतंय.

बायको अजून उठलेली नाही. अशी कधी झोपत नाही. दोनदा दारातून बघून आलो. श्वास चालू आहे. चहा मीच केला. साखरेचा डबा सापडेना. उठवून विचारणार होतो.

बिनसाखरेचाच प्यायलो. भिकार झाला होता.