पेट्रोलचा वास येणारं ऑइल

प्रिय मिलिंद,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्याचा फार अर्थ काढू नकोस.

परवा तोक्योत, निशी-कसाईला तुझ्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने सगळे जमले होते. तुझ्या जुन्या ऑफिसातला सहस्रबुद्धे उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, “मिलिंदने बर्फावर प्रेम केलं, आणि शेवटी बर्फानेच त्याला कुशीत घेतलं.” मला हसू आलं रे! चांगलं मोठ्याने. लोकांना वाटलं हुंदका फुटला. एका बाईंनी धावत पाणी आणून दिलं. त्यानंतर जे झालं ते तुला दुसऱ्या कोणी गोड करून सांगण्याआधी मीच सांगते.

बर्फाने कुशीत घेतलं म्हणे! बर्फाने काय केलं होतं तुझं? तो पडत होता, दरवर्षी पडतो तसा.

नोकरी सोडून नीगाताच्या डोंगरात जुनं घर घ्यायचं खूळ तुझं. तोक्योतल्या मराठी कुटुंबांना बर्फ दाखवायचा, वर गरम पिठलं-भात वाढायचा. कल्पना वाईट नव्हती, एवढं श्रेय घे. पण हिवाळ्यात रस्ता खालच्या बसथांब्यापर्यंतच साफ होतो. तिथून वर पाहुणे, बॅगा, तांदूळ, सिलिंडर, सगळं स्नोमोबाइलवरून आणायचं. आपलं अख्खं घर त्या एका यंत्रावर चालत होतं. आणि तू त्याला काय दिलंस? पेट्रोल, आणि त्याच्यावर बसून काढलेले फोटो.

माहितीपुस्तक जपानीत होतं. तू इतकी वर्षं जपानमध्ये काढलीस आणि शब्द शिकलास एकच: दाइजोबु. सगळं ठीक आहे, काही होत नाही! नळ गोठला, दाइजोबु. छपरावर बर्फ साचला, दाइजोबु. मी कोनबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, पार्ट-टाइम करता करता वाचायला शिकले होते, म्हणून ते पुस्तक तुला मी वाचून दाखवलं. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन गरम होऊ द्या, बंद करा, थोडं थांबा. ऑइल मोजायची डिपस्टिक काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला, काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. मोसम सुरू होण्याआधी बदला. यात अवघड काय होतं?

“वृंदा, मी आयुष्यभर सिस्टिम्स सांभाळल्यात. मला इंजिन शिकवू नकोस.” असं म्हणालास, आणि किल्ली गळ्यात अडकवून निघून गेलास. ती किल्ली आंघोळीलाही गळ्यातच! मी हात लावला तर म्हणे यंत्र बिघडेल.

एकदा माझ्या कटकटीला वैतागून तू पाहुण्यांसमोर डिपस्टिक काढलीस. “बघा! लोकांच्या गाड्या ऑइल पितात, माझी तयार करते! खुणेच्या वर आलंय!” मिलिंद, ऑइल आपोआप वाढत नसतं. एवढ्याशा फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं पेट्रोल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ते पाण्यासारखं पातळ होतं आणि पातळी वर दिसते. हेही त्याच पुस्तकात होतं. मी म्हटलं, “वास तरी घे.” तू म्हणालास, “वास आमटीचा घेतात, इंजिनाचा नाही.” सगळे हसले. आपल्या विनोदावर तूच सगळ्यात मोठ्याने हसलास.

तुझ्या शेवटच्या दुपारी तू एकटाच सिलिंडर आणायला खाली गेलास. येताना अर्ध्या चढावर इंजिन जाम झालं. बर्फात न रुतता चालायचे स्नोशू नेले होतेस का? नाही. ते घातले की माणूस बदकासारखा दिसतो ना! कमरेएवढ्या बर्फातून तू चालत निघालास. फोन करून कोणाला बोलवायचं, तर त्यात तुझी केवढी नाचक्की! शेजारचे होशिनो-सान लाकडं घेऊन येत होते, त्यांना तू देवदाराखाली बसलेला दिसलास. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ते खरंच. पण हृदयाच्या आधी काय थांबलं होतं?

होशिनो-साननी आणि मी ते यंत्र ओढत वर्कशॉपमध्ये नेलं. तिथल्या माणसाने खालचा बोल्ट काढला. काळं, पातळ पाणी भसकन बाहेर आलं आणि पेट्रोलचा भपकारा सुटला. त्याने विचारलं, “ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?” मी तुझी बायको, म्हणून उत्तर मला द्यावं लागलं. “कधीच नाही.” तो मान खाली घालून हात पुसत राहिला. तुझ्या प्रेतापाशीही मला एवढी लाज वाटली नव्हती.

हे मी कोणाला सांगितलं नाही. मेलेल्या माणसाची उणीदुणी कशाला काढायची? म्हटलं, बोलू दे लोकांना.

पण परवा सहस्रबुद्धेचं भाषण संपलं आणि आपली रेवा उठली. तू गेलास तेव्हापासून ती धड रडलीही नव्हती. म्हणाली, “मी या विंटरला रजा घेऊन वर जाणार. बाबाची स्नोमोबाइल मीच चालवणार. बाबासारखी!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, “आधी चालवायला नीट शीक.” तर माझ्याकडे बघून हसली, हुबेहूब तुझं हसू, आणि म्हणाली, “आई, दाइजोबु.”

मिलिंद, तुझाच शब्द, तुझ्याच तोऱ्यात!

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ऑइल, किल्ली, आमटीचा विनोद, स्नोशू, सगळं. कोणीतरी माझा पदर ओढत म्हणालं, “वृंदाताई, आज नको.” मग कधी? तिला त्या चढावर बसलेली बघितल्यावर? सहस्रबुद्धे आपल्या चपलांकडे बघत बसला. रेवा बाहेर निघून गेली. स्टेशनपर्यंत मी तिच्या मागे चालत होते, तिने वळूनही पाहिलं नाही. ती तोक्योतच, कोतोला तिच्या स्वतःच्या घरी गेली. मला वाटलं, नवरा गेला, आता मुलगीही गेली. आणि दोन्ही तुझ्यामुळे!

आज सकाळी इथे डोंगराखालच्या बसथांब्यावर तीच उभी होती. पाठीवर बॅग, डोळे जागरणाने लाल.

शेडमध्ये गेलो; वर्कशॉपमधून दुरुस्त करून आणल्यापासून यंत्र तिथेच उभं होतं. मी पुस्तक तिच्यापुढे उघडून ठेवलं. तिने वाचलं, इंजिन सुरू केलं, बंद केलं, थांबली. डिपस्टिक पुसली, घातली, काढली, उजेडात धरली. मग नाकाशी नेली.

“आई, बाबाने एकदा जरी वास घेतला असता, तर...?”

तिला काहीतरी मऊ उत्तर हवं होतं. तिच्या तोंडाकडे बघून मलाही ते द्यावंसं वाटलं.

मी म्हटलं, “हो. आज जिवंत असता.”

तेव्हा ती रडली. त्या थंडगार शेडमध्ये, हातात डिपस्टिक धरून, लहान मुलीसारखी. मी तिला पोटाशी धरलं. सहस्रबुद्धेच्या भाषणाने जे जमलं नाही, ते खऱ्याने झालं. आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचा तू हिशेब मांडू नकोस. तुझ्यावरचा राग अजून आहे तिथेच आहे.

एक वचन देते. तुझ्याबद्दल चांगलं जेवढं आहे, तेवढं मी तिला जरूर सांगेन. पण तुला मोठं करायला एक शब्दही खोटा बोलणार नाही. तुझ्यासारखं व्हायच्या नादात या घरातलं दुसरं कोणी मरणार नाही.

वृंदा