उरलेल्या गोळ्या

माय, काल यावलकडच्या दोघी बहिणी आल्या होत्या. धाकटी तुझ्याच वयाची, म्हणजे तू गेलीस तेव्हाच्या वयाची. मी आता धुळ्याच्या एका दवाखान्यात आहे. माणसांच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींची नोंद घ्यायचं माझं काम. सध्या आमच्याकडे तुझाच आजार असलेली माणसं येतात. एचआयव्हीमुळे मेंदूत काही बदल होतोय का, आणि तो वागण्यात ठळक दिसायच्या आधी या लहरींत सापडेल का, हे आमचे डॉक्टर शोधताहेत. माणूस डोळे मिटून शांत बसला की डोक्याच्या मागच्या भागातून एक नेमकी लय उमटते. काहींची ती संथ झालेली असते. पण पेंगुळलेल्या माणसाचीही होते, म्हणून मी सारखी म्हणत असते, "ताई, जाग्या राहा." एका नोंदीवरून कुणाचं काही ठरत नाही. हे मी स्वतःलाही बजावते, कारण "डोळे मिटा" म्हटलं की दर वेळी मला तू दिसतेस.

तवा धुरावलाय. तुझ्या हातावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अर्धवट थापलेली, आणि तू भिंतीकडे बघतेयस, कुणीतरी हाक मारली आणि परत मारेल म्हणून थांबल्यासारखी. मी अकरा वर्षांची, दप्तर घेऊन दारात. "माय, जळतंय!" तू दचकतेस. "काय करनं व्हतं माले?" असं मलाच विचारतेस. मी म्हणते, "नाटकं नको करू." शाळेत जायच्या आधी तूच मला परातीतल्या पिठात बोटाने अक्षरं गिरवायला शिकवली होतीस. चुकलेलं अक्षर पुसू द्यायची नाहीस, शेजारी बरोबर लिहायला लावायचीस. त्या तुला मी नाटकी म्हणाले, आणि एकदाच नाही.

वडील गेल्यावर आपण दोघीच उरलो. दर महिन्याला भडगावहून एसटीने जळगावला तुझ्या गोळ्या आणायला जायचो. तिथल्या सिस्टर डबी टेबलावर उपडी करून उरलेल्या गोळ्या मोजायच्या. जास्त उरल्या म्हणजे मध्ये चुकवल्या. तू विसरायचीस. गोळी घेतलीस का विचारलं की म्हणायचीस, "लिधी व पोरी, बठ्ठं याद शे माले." मग मीच मोजायला लागले. जायच्या दिवशी सकाळी तू अंघोळीला गेलीस की जास्तीच्या गोळ्या मी मागच्या नालीत टाकून द्यायचे. सिस्टरची मोजणी बरोबर यायची. "पोरगी हुशार आहे हो तुमची, आईकडे लक्ष ठेवते," त्या म्हणायच्या, आणि तू माझ्याकडे बघून हसायचीस. पुढे औषध लागू पडेना, तेव्हा डॉक्टर बुचकळ्यात पडले. तू विसरतेस हे त्यांना कधी कळलंच नाही. त्यामुळेच तू गेलीस का, ते मला माहीत नाही. कुणाला विचारण्याची माझी हिंमतही झालेली नाही.

काल थोरलीने धाकटीच्या डोक्याला चापून तेल लावून आणलं होतं. तेलावर तारा नीट चिकटत नाहीत, तसं फोनवर सांगितलंही होतं. मी म्हटलं तशी थोरली उसळली, "कोरडं डोकं लिसन दवाखानामा येवा का? लोकं काय म्हनतीन?" धाकटी हसत म्हणाली, "आक्कानी माले नवरीच बनाडी, ताई." मी बेसिनशी नेऊन तिचे केस धुऊ लागले. आक्का टॉवेल धरून माझ्याजवळ सरकली आणि नळाच्या आवाजाआड पुटपुटली, "ती गोळ्या भुली जास. मोजाना आधी उरेल त्या मी काढी लेस. तू डाक्टरले सांगू नको, तिले बोलतीन."

माझे हात धाकटीच्या केसांत तसेच राहिले. पाणी वाहत होतं.

नोंद पूर्ण झाली. तिचा अर्थ लावणं माझं काम नाही, मी लावला नाही. पण फॉर्मवर शेवटी 'इतर निरीक्षण' अशी ओळ असते. मी आधी बाहेर गेले. "आक्का, तुम्ही सांगितलंत ते मी लिहिणार आहे. तुमच्यामागे लिहायचं नाही म्हणून सांगायला आले." तिचा चेहरा उतरला. "तुना घरमा असं कोनी व्हतं का? मंग तुले काय समजी!" मी आत जाऊन लिहिलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दोघींना समोर बसवलं, रक्ताची आणि स्मरणाची तपासणी सांगितली, आणि गोळी रोज आक्काने स्वतःच्या हाताने द्यायची, असं ठरवून दिलं. जाताना धाकटीने हात हलवला. आक्काने माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून तिला द्यायचं उत्तर मी तुला लिहिते आहे, आणि हा कागद कुठे जाणार नाही हे मला ठाऊक आहे. तुला बोलणी बसू नयेत म्हणून मी त्या गोळ्या टाकत होते, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आक्काचं खरंच तसं आहे. माझं तसं नव्हतं. जळगावला गोळ्या जास्त निघाल्या की समजावून सांगायला बाहेरच्या बाकावर थांबवून ठेवायचे, आणि सगळा दवाखाना त्या बाकासमोरून जायचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीची मावशी तिथे कामाला होती. मला तुझ्या शेजारी बसायचं नव्हतं, माय.