मशीनवरची हिरवी रेघ

वेदू,

बाबा घरी नाई, दवाखान्यात आहेत. पडलेबिडले नाई, घाबरू नको.

लकव्याच्या हातासाठी दवाखान्यानं दिलेला तो मशीनचा हातमोजा रोज त्यांची बोटं उघडते, मिटवते. बोटांनी स्वतः जोर लावला तरच स्क्रीनवर हिरवी रेघ चढते. स्क्रीन मीच पाहत होती. महिनाभर त्यांले सांगत राह्यली, "आज जराशी चढली." एकदाही चढली नव्हती. ते खचून जातीन, याचंच भ्याव होतं मले.

आज मी अंघोळीले गेलती, तवा त्यांनी स्वतः पाह्यलं. म्हणाले, "इंदिरा, काऊन खोटं बोलली?" अन् काठी न घेता एकटेच ऑटोत बसून गेले. कुठं गेले, तासभर काई पत्ता नव्हता.

आत्ता फिजिओथेरपीच्या रीना मॅडमचा फोन आला. मशीनची मदत बंद करून हात तपासा म्हणून बाबा अडून बसले आहेत. बायकोले बोलावू नका म्हणाले. तरी मी निघाली. बाहेरच्या बाकावर बसून राहीन.

तू ऑफिसातून सरळ तिकडंच येजो अन् आत त्यांच्याजवळ बसजो. मी आली आहे, हे त्यांनी विचारलं तरच सांगजो.

— आई