सोया मिल्कचा गुण

३ मार्च, सोमवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी थांबतेय, घाम यायचाच. गोळ्या हव्यात का विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं. आजपासून नैसर्गिक उपाय. सोया मिल्क, भाजलेली अळशी, तिखट बंद, चहा बंद. नणंदबाईंनी व्हॉट्सअॅपवर सगळं पाठवलंय. ह्यांना सांगितलं, आठवड्याभरात फॅन पाचवरून दोनवर आणते, मग हॉलमधली उशी परत आत आणा. बरं, म्हणाले. पेपर खाली न घेता म्हणाले, पण म्हणाले.

४ मार्च
सोया मिल्क ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागतं. म्हणजे औषधी असणारच.
संध्याकाळी ह्यांनी स्वतःपुरता चहा केला. मीच सांगितलं होतं, तरी राग आला. दिवसभराचं काय ते बोलणं चहावरच व्हायचं.

६ मार्च
गुण आला! ऑफिसात दिवसभर एकदाही घाम नाही. कोल्ड रूममध्ये लसींचे खोके मोजत होते. कालच मोजले होते, पण औषधांच्या गोडाऊनमध्ये हयगय नको. साहेब म्हणाले, कामाला तोड नाही तुमच्या, पण अधूनमधून बाहेरही या.

९ मार्च, रविवार
सुट्टी. सकाळपासून घामाघूम. अळशी करपली होती, दुसरं काय.
आईला हे झालं तेव्हा ती काय करायची? कधी विचारलंच नाही. आता कोणाला विचारू?

११ मार्च
आज कोल्ड रूममध्ये चक्क स्वेटर घालावा लागला! तिथूनच ह्यांना फोन केला. म्हटलं, मी ठणठणीत बरी झाले, आज आत झोपायला या.

१२ मार्च
आले. मी फॅन बंद करून हसतमुखाने पडून राहिले. जरासुद्धा गरम होत नाहीये, असं दोनदा सांगितलं. गाऊन पिळता आला असता. शेवटी ह्यांनीच उठून फॅन पाचवर केला. कशाला जिवाला त्रास करून घेतेस, म्हणाले आणि उशी घेऊन गेले. किती काळजी करतात माझी.

१५ मार्च, शनिवार
हॉलमध्ये नवा पलंग आला. एकाच माणसाचा. पाहुण्यांसाठी, म्हणाले. आमच्याकडे कोण येतंय? असो. सोफ्यावर ह्यांची पाठ धरायची, बरंच झालं. उद्यापासून भोपळ्याच्या बिया.
संध्याकाळी दोन कप चहा केला. एका दिवसाने काही बिघडत नाही. बाहेर नेला तर हे पलंगावर पडून बघता बघता गाढ झोपलेले. उठवावंसं वाटलं नाही. दोन्ही कप मीच प्यायले.