जिनेटच्या घरचा नळ

फोर्ट केंट, मेन
२ फेब्रुवारी

प्रिय जिनेट,

तुझं संत्र्यांचं खोकं पोचलं. फ्लोरिडाचं ऊन मानवतंय ना? इथे आठवडाभर पारा उणे तीसवरच अडून बसला आहे. माझा गुडघाही तसाच.

तुझ्या स्वयंपाकघरातला पाइप फुटला हे आमच्या रेनाल्डने तुला कळवलंच आहे. नळ चुकून त्याच्याकडून बंद झाला, असं लिहिलं ना त्याने? ते खरं नाही.

हिवाळ्यापुरतं घर बंद करून निघताना तू किल्ली त्याच्या हातात ठेवलीस आणि म्हणालीस, "भावोजी आहेत, मग मला कसली काळजी." मी तिथेच उभी होते. तेव्हापासून हा रोज दोनदा तुझ्याकडे. नळाची बारीक धार चालू आहे ना, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी आहेत ना, ते बघायला; पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून.

त्या मंगळवारी आमच्याच घरातलं पाणी गोठलं. हा तुझ्याकडे. मी हेअर ड्रायर घेऊन एकटीच सिंकखाली वाकले, नळ उघडा ठेवून नळाकडून भिंतीकडे इंच इंच सरकत. दीड तासाने पाणी आलं. जेवताना सांगितलं तर म्हणतो, "जमलं ना तुला? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी तुझ्याकडची संध्याकाळची फेरी आटोपून तो गावात गेल्यावर मी तुझ्याकडे गेले. घराच्या पायाभोवती थंडी अडवायला गवताचे भारे कसे एकसारखे रचलेले. आमच्या घराच्या पायाला पाचोळ्याच्या पिशव्या, त्याही फाटक्या. आणि तुझ्या पाइपला गुंडाळलेला मफलर, मी त्याच्या साठीला विणलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मफलर सोडवला, नळ घट्ट पिळला, कपाटाची दारं लावली आणि घरी येऊन कुट्टूच्या पिठाचे प्लोय, आपली ती धिरडी, भाजायला घेतले. पाइप फुटेल हे मला माहीत होतं गं. लहानपणापासून माहीत आहे.

गुरुवारी सकाळी तो ओल्या पँटनेच घरी आला. "मीच बंद केला असेन," एवढंच म्हणाला. मफलर समोर खुंटीवर होता. त्याने बघितला. मला सांभाळून घेतलं, की तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसला, हे विचारायची मला हिंमत नाही.

आज सकाळी तोच मफलर गळ्यात घालून तो तुझ्या घरची जमीन वाळवायला गेला. मलाही चल म्हणाला नाही.

राग माझ्यावर काढ, त्याच्यावर नको.

जिच्या हाती तू किल्ली दिली नाहीस, ती तुझी मोठी बहीण,
ओडिल