कोंडाजीदादाचे दोन राजे

ता. १० फेब्रुवारी १८८९
दुपारच्या गाडीने दादा खोपोलीस उतरला, तिथून चालत घरी. वडील मार्गशीर्षात गेले. मोझांबिकातला थोरला मुलगा आज उगवला. डोक्यावर पांढरी टोपी. बुटांसकट ओटीवर चढला. आई गळ्यात पडून रडली. मी रडलो नाही. कोणीतरी सामान आत घ्यायला हवे होते.

ता. ११
दुकानाचा परवाना मिळेना म्हणून दादाने तिथल्या फिरंगी, पोर्तुगीज राजाची शपथ घेतली म्हणे. जेवताना सहज सांगितले, जणू कांदा जास्त घेतला. मी विचारले, मग आपली राणी? म्हणाला, ती बी हाय की रं, तिला कुठं कळतंय.
एका माणसाला दोन राजे! वडिलांमागे थोरला म्हणून हाच गावचा पोलीस पाटील होणार. मला पाटीलकीचा मोह नाही. प्रश्न कायद्याचा आहे.
निश्चय: दादाशी वाद घालायचा नाही.

ता. १२
वाद घातला. जिजावहिनी म्हणाली, भावजी, त्यांस्नी जेवू तरी द्या. मी म्हटले, जेवणाला हरकत नाही, फिरंग्यांनाही भूक लागते. वहिनीने भाकरी माझ्यापुढे आपटली.

ता. १८
कर्जतच्या कचेरीत गेलो. शिरस्तेदार म्हणाले, जो खुशीने परक्या राजाची प्रजा होतो तो राणीसरकारचा राहत नाही. दोन्हीकडचे राहता येत नाही, तसा कायदाच आहे. तिथेच अर्ज दिला. माझे नाव कुठेही सुचवले नाही. फक्त धाकटा भाऊ सहावी पास, शांत व निर्व्यसनी आहे, इतकेच लिहिले.

ता. १९
तपकीर संपली. बाजारातून आणणे.

ता. २६
मामलेदारांपुढे दादाने हसत सगळे कबूल केले. वर शपथेचा कागदही दाखवला! हक्क गेला. मग हसला नाही. परतीच्या गाडीत मी लांब बसलो. परदेशी माणसाशी उगीच सलगी नको.

ता. ३ मार्च
आई आज बोलली. अरं, तो तुलाच पाटीलकी लिवून द्याया आला हुता. दुकान सोडून त्याला चावडीत बसायचं नव्हतं. तू त्याला तोंड उघडू दिलंस तं ना!
रात्री दादाला विचारले. म्हणाला, व्हय रं येसा. आता लिवून दिलं तं चालंल का? मी म्हटले, न चालायला काय झाले?

ता. ५
चालत नाही. शिरस्तेदार म्हणाले, ज्याला हक्कच उरला नाही तो लिहून काय देणार? हक्क त्याच्या मुलाकडे. धाकलू इथे जन्मला, आईपाशी इथेच वाढला. बापाच्या शपथेशी त्याचा संबंध नाही, तो राणीची पक्की प्रजा.
धाकलूने काल माझ्या उपरण्याला शेंबूड पुसला.
तो सज्ञान होईपर्यंत काम मी पाहायचे, त्याच्या नावाने. मी म्हटले, हा अन्याय आहे. ते म्हणाले, अहो, कायदा विचारत तुम्हीच आला होतात.

ता. १५
दादा गेला. म्हणाला, आयेला संभाळ, पुन्हा येणं व्हईल का ठावं नाय. मी म्हटले, आलास तर कागद नीट घेऊन ये. स्टेशनवर जाण्याचे ठरवले होते, पण उन्हाचा त्रास होतो.

ता. १७
होळी. दुखवट्याचे वर्ष, घरी पोळी नाही; पण पहिली चूड पाटलाने लावायची, तो मान सोडता येत नाही. धाकलूला चूड पेलेना म्हणून मी धरायला गेलो. म्हणाला, काका, तुमी मागं व्हा, मी पाटील हाय. सारा गाव हसला. आईसुद्धा, वडील गेल्यापासून पहिल्यांदाच.
मी आधी निघालो. घरात कोणी नव्हते. म्हशीला पेंढा टाकला.